आईला ठेवता येत नाही, असं पत्र

"तुम्ही बेघर नाही," केली म्हणाली.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसातली काचेची खोली. मधे टेबल. टेबलाच्या पलीकडे केली आणि तिचा कॉम्प्युटर, अलीकडे मी आणि माझी पिशवी. पिशवीत कोर्टाचं पत्र होतं. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता कोर्टाची माणसं येतील, मला घराबाहेर काढतील आणि दाराचं कुलूप बदलतील, असं त्यात लिहिलं होतं. तो मंगळवार पाच आठवड्यांवर आला होता. आणि ही मुलगी मला सांगत होती की मी बेघर नाही.

"ब्रॅकनेलला तुमच्या मुलाचं घर आहे," ती म्हणाली. "त्याच्याकडे तुम्हाला जागा आहे, असं तुम्हीच सांगितलंत. मी त्याला फोनही केला. तो म्हणाला, आई कधीही येऊ शकते, विचारायचंच नाही. बेघर असाल तरच आम्हाला जागा देता येते, आणि नियमाप्रमाणे तुम्हाला राहायला घर आहे. फाइल बंद केल्याचं पत्र तुम्हाला येईल."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी खोटं बोलले होते. माझा मुलगाही खोटं बोलला होता. एकमेकांना न विचारता आम्ही दोघांनी तेच खोटं सांगितलं होतं, आणि कागदावर ते आता खरं होऊन बसलं होतं.

केलीने कागदी पेल्यात पाणी आणून दिलं. "तुम्ही ठीक आहात ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. हे तिसरं खोटं.

बाहेर बसस्टॉपवर एक मोठं झाड होतं, हॉर्स चेस्टनटचं. त्याची फळं पडायचे दिवस होते. इथली पोरं त्यांना कॉंकर म्हणतात, दोरीला बांधून एकमेकांचे फोडतात. काटेरी हिरवं कवच फुटतं आणि आतून तपकिरी बी निघते. चिंचोक्यासारखी चकचकीत, पण लिंबाएवढी. एक माझ्या खांद्यावर पडली. लागलं. मी ती उचलून कोटाच्या खिशात टाकली. का टाकली, ते माहीत नाही. अशा वेळी माणसाला मुठीत काहीतरी धरायला लागतं.

हे सगळं आठवायचं कारण तेच झाड. म्हणजे ते नाही, त्याच जातीचं दुसरं. मी आता राहते त्या इमारतीच्या मागे, गाड्या लावायच्या जागेवर ते उभं आहे. सप्टेंबर संपत आला की दिवसभर गाड्यांच्या टपांवर टक, टक आवाज येतो. गाडीवाले कुरकुरतात. मला गाडी नाही, मी ऐकत बसते.

या दिवसांचे वासही ठरलेले आहेत. फुटपाथवर पानं कुजतात, त्यांना भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. हीटिंग पहिल्यांदा चालू केलं की रेडिएटरवरची सहा महिन्यांची धूळ करपते. घड्याळं एक तास मागे केली की चार वाजताच खिडकी काळी होते आणि शेजारच्या किचनमधून कोबी उकडल्याचा वास येतो. वास आला की लोकांना म्हणे लहानपण आठवतं. मला कौन्सिल आठवतं.

लहानपणात आठवण्यासारखं फारसं नव्हतंही. जालन्याकडचं गाव, चार इयत्ता शाळा, मग शेतावर. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे मी इंग्लंडात वॉटफर्डला आले. तो छापखान्यात होता. मी एका शाळेच्या किचनमध्ये एकोणतीस वर्षं बटाटे सोलले आणि पोरांना जेवण वाढलं. घर घ्यायचं राहून गेलं. दर वर्षी आम्ही पुढच्या वर्षी घेऊ म्हणत होतो. मग तो गेला आणि पुढचं वर्ष म्हणणारं कुणी राहिलं नाही.

शेवटचं भाड्याचं घर मात्र चांगलं होतं. मालक म्हातारा होता, आपल्याच नादात असायचा. मी त्याला उन्हाळ्यात मेथी द्यायचे, तो मला गटार तुंबलं की दुरुस्त करून द्यायचा. एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांशी मिळून तासभर बोललो असू. तो वारला. त्याची मुलगी ब्रिस्टलहून आली, माझ्या किचनमध्ये बसली, चहा प्यायली आणि रडली. घर विकायचं होतं. तिने नोटीस टेबलावर ठेवली आणि पुन्हा रडली. मीच तिला रुमाल दिला. तिची काही चूक नव्हती. बापाचं घर विकणारी ती काही पहिली नव्हे.

नोटीस ऑगस्टात आली. मिलिंद, माझा मुलगा, फोनवर म्हणाला, "आई, तू आमच्याकडे ये. विषय संपला."

विषय संपतो का, ते बघायला मी आठ दिवस त्याच्याकडे राहिले.

ब्रॅकनेलला एका कंपनीत तो लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करतो. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तेही भाड्याचं. लिफ्ट नाही. बावन्न पायऱ्या. माझे गुडघे वीस पायऱ्यांपर्यंत ठीक असतात, मग ते माझे राहत नाहीत. दोन बेडरूम आहेत. एकीत तो आणि सूनबाई नीता, दुसरीत माझ्या दोन नाती, तनु आणि रिया. मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर. त्याच खोलीत नीता सकाळी आठला कानाला हेडफोन लावून कामाला बसते. म्हणजे आठच्या आत मी उठायचं, अंथरूण गुंडाळायचं आणि कुठेतरी जायचं. ते कुठेतरी म्हणजे बाथरूमच्या दाराशी ठेवलेली खुर्ची. तिथे बसून मी भाजी निवडायचे. कुणी बाथरूमला आलं की उठायचे, खुर्ची सरकवायचे, पुन्हा बसायचे.

दुसऱ्या दिवशी मी डाळीला फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा अलार्म वाजायला लागला. तनु टॉवेल घेऊन धावत आली आणि अलार्मखाली तो फिरवत राहिली. "आजी, तू फक्त उकडलेला खा आता," ती म्हणाली. त्यानंतर मी फोडणी दिली की ती आधीच टॉवेल घेऊन उभी राहायची, गोलकीपरसारखी.

कुणी मला वाकडा शब्द बोललं नाही. आठव्या दिवशी नीता भांडी घासता घासता रडत होती. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रात्री जेवताना तिने माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली आणि म्हणाली, "आई, तुम्ही संकोच करू नका हं." वाईट माणसांत राहणं मला जमतं. भांडायचं आणि राहायचं. चांगल्या माणसांच्या अंगावर बसून राहणं जमत नाही. नवव्या दिवशी मी बस धरून घरी आले.

म्हणजे त्याच्याकडे मला जागा नाही, हे मला माहीत होतं. सप्टेंबरात मी पहिल्यांदा कौन्सिलमध्ये गेले तेव्हा नक्की माहीत होतं. केलीने तेव्हाच मला समजावलं होतं की नोटीशीची तारीख उलटली तरी घराची चावी देऊ नका, कोर्टाचं पत्र येईपर्यंत तिथेच राहा, आपणहून निघालात तर आम्हाला मदत करणं अवघड होईल. मला ते लाजिरवाणं वाटलं. मालकाच्या मुलीने जा म्हटल्यावर तिच्याच घरात बसून राहायचं. पण मी ऐकलं. मग तिने फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारला.

"कुणाकडे राहायची सोय होऊ शकते का? घरच्या कुणाकडे?"

"मुलगा आहे," मी म्हणाले.

"त्याच्याकडे तुम्हाला जागा आहे?"

"आईला जागा नसते का?"

तिने टाइप केलं. मी ते टाइप होताना बघितलं आणि थांबवलं नाही.

आता वाटतं, काय मूर्खपणा. पण तेव्हा दुसरं काही तोंडातून निघालंच नसतं. परक्या बाईसमोर, दहा मिनिटांच्या ओळखीत, माझ्या मुलाकडे मला जागा नाही असं म्हणायचं? आमच्यात तसं म्हणत नाहीत. मुलगा वाया गेलेला असला तरी म्हणत नाहीत. माझा तर चांगला निघालाय.

त्यात आणखी एक गोष्ट होती. आम्ही बौद्ध. ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला पांढरी साडी नेसून मी दर वर्षी आमच्या लोकांच्या हॉलवर जाते. वंदना होते, खीर होते, आणि मग कुणीतरी शिकलेला माणूस उभा राहून हक्क म्हणजे काय ते सांगतो. भीक मागायची नाही, हक्क मागायचा. पन्नास वर्षं मी त्यावर टाळ्या वाजवल्या आहेत. जोरात वाजवते मी. आणि माझ्या हक्काची पाळी आली तेव्हा मी काय केलं, तर हक्क मागायला जाऊन, मला काही नको, मुलगा आहे, असं सांगून आले. भाषण ऐकणं सोपं आहे. ते दुसऱ्याविषयी असतं.

तर त्या दिवशी बसस्टॉपवर, खिशात कॉंकर धरून, मी मिलिंदला फोन लावला.

"मिल्या, कौन्सिलच्या बाईचा फोन आला होता तुला?"

"हो. लास्ट वीक. मी सांगितलं, मम इज ऑलवेज वेलकम."

"कुठे वेलकम? सोफ्यावर?"

"मग काय सांगणार होतो मी? नो म्हणू? तू माझा आई आहेस." मिलिंद इथेच जन्मला. त्याचं मराठी असंच आहे, पण बोलतो तरी.

"मीही तेच सांगितलं तिला."

तो हसायला लागला. मला हसू आलं नाही.

"हसू नको. माझी फाइल बंद झाली. तो मंगळवार आला की मी तुझ्या बाथरूमच्या दाराशी."

त्याचं हसू थांबलं. "मग काय करायचं, आई?"

"खरं बोलायचं. दोघांनी."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायच्या आत दारात जाऊन उभी राहिले. अपॉइंटमेंट नव्हती. नंबराची चिठ्ठी घेतली आणि बसले. खोलीत ओल्या कोटांचा वास होता. एक बाई तान्ह्या मुलीला पाजत होती, एक माणूस बूट काढून मोजे पिळत होता. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की मी यांच्यातलीच आहे. वाईट नाही वाटलं. रांगेत माणसाला बरं वाटतं, आपला नंबर येणार हे माहीत असतं.

केलीला मी सरळ सांगितलं, "मी काल खोटं बोलले. त्याआधीही बोलले होते. मुलाकडे जागा नाही."

मला वाटलं ती चिडेल. तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पुन्हा लावला.

"तुमच्यासारखे बरेच येतात," ती म्हणाली. "विशेषतः आया. मुलाला बोल लागायला नको म्हणून."

"मग तुम्ही ओळखलं कसं नाही?"

"ओळखून लिहिता येत नाही. तुम्ही सांगाल तेच लिहावं लागतं."

हे मला पटलं. शाळेच्या किचनमध्येही तसंच होतं. पोराने पोट भरलं म्हटलं की आणखी वाढता येत नाही, डोळ्यांत भूक दिसली तरी.

मग तिने मला पुढचं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहूनही दिलं. फाइल बंद केल्याचं पत्र अजून तिच्या टेबलावर होतं. ते ती सोमवारपर्यंत पाठवणार नव्हती. पण आता नुसत्या माझ्या शब्दावर चालणार नव्हतं, कारण फाइलमध्ये माझा एक शब्द आणि मुलाचा एक शब्द आधीच होता. मिलिंदने स्वतः लिहून द्यायला हवं होतं की आई त्याच्या घरी राहू शकत नाही, आणि का नाही. खाली सही.

शनिवारी मिलिंद तनुला घेऊन आला. माझं किचन तेव्हा अर्धं खोक्यांत होतं. एका खोक्यात येसरचे डबे. येसर म्हणजे बाजरी आणि डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ, त्याची आमटी आमच्याकडे लग्नाकार्याला करतात. मी ते वर्षाचं एकदाच करून ठेवते. घर जाणार म्हणून मसाला करायचा नाही, असं मला काही वाटलं नाही. त्या आठवड्यात सगळी खोकी, सगळे कपडे, कोर्टाची पत्रंसुद्धा येसरच्या वासाने भरली होती.

मिलिंदने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी हे लिहिणार नाही."

"का?"

"आईला मी ठेवत नाही, असं मी साइन करून देऊ? गव्हर्न्मेंटला? आई, उद्या कुणी वाचला तर?"

"कोण वाचणार? केली वाचेल."

"मी वाचेल ना. मला माहीत असेल ना."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा बाप असाच उभा राहायचा. पाठीवरूनच कळायचं की हा आता बोलणार नाही. मी त्याच्या पाठीशी बोलायला लागले, सवय आहे मला.

"हे बघ. तू फोनवर माझी लाज राखलीस, मी ऑफिसात तुझी राखली. दोघांनी लाज राखली, आणि आता राहायला जागा मात्र कुणीच राखलेली नाही. मी तुझ्याकडे आले तर नीता दोन महिन्यांत आजारी पडेल. तनुची जीसीएसईची परीक्षा आहे. आणि त्या पायऱ्यांवरून मी एक दिवस पडेन. मग काय लिहून देशील?"

मी तनुला म्हणाले, "तुझा तो लॅपटॉप काढ. मी सांगते, तू इंग्लिशमध्ये लिही."

तनु तेव्हा पंधरा वर्षांची. तिने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लॅपटॉप येसरच्या डब्यावर ठेवून उघडला.

"लिही. माझी आई माझ्या घरी राहू शकत नाही."

तिने टाइप केलं.

"घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेले आहेत."

"गुडघे कुठे गेले?" तनुने विचारलं.

"खराब झाले, असं लिही. दोन बेडरूम, आम्ही चौघं. घरमालकाच्या करारात चौघांचंच नाव आहे. आई आठ दिवस राहून गेली, सोफ्यावर. कुणालाच जमलं नाही."

"आजी, रिग्रेटेबली लिहू का?"

"ते काय असतं?"

"म्हणजे... वाईट वाटतं, असं."

"नको. कागद लांबतो."

मिलिंद खिडकीकडे बघतच म्हणाला, "आई, प्रेम आहे एवढा तरी लिहू दे."

"फॉर्ममध्ये तो कॉलम नाही," मी म्हणाले. "प्रेम आहे हे केलीला माहीत आहे. म्हणून तर ती घोटाळ्यात पडली."

तनु हसली. मिलिंद वळला. त्याचे डोळे लाल होते, पण तोही हसत होता, नाइलाजाने. मी त्यांना येसरची आमटी आणि भात वाढला. मग तो पत्र छापून आणायला लायब्ररीत गेला आणि तिथेच सही करून, लिफाफा चिकटवून घेऊन आला. मी उघडलं नाही. काय लिहिलंय ते मला माहीत होतं, मीच सांगितलं होतं.

सोमवारी केलीने लिफाफा फाडला, वाचलं, आणि पुन्हा वाचलं. एवढ्याशा कागदाला दोनदा काय वाचायचं?

"शेवटी त्याने हाताने एक ओळ लिहिली आहे," ती म्हणाली. "तुम्ही वाचली?"

"नाही."

तिने कागद माझ्याकडे फिरवला. मी इंग्लिश बोटाने वाचते, एकेक शब्द. सहीच्या खाली पेनाने लिहिलं होतं: फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो, कारण ती माझी आई आहे. आता खरं लिहितो, तेही त्याच कारणाने.

मी कागद परत फिरवला. केलीने नाक पुसलं. सर्दीचे दिवस होते. मग ती कॉम्प्युटरकडे वळली आणि कितीतरी वेळ टाइप करत राहिली.

त्यानंतरचे दिवस मला एकेक आठवत नाहीत. खोकी बांधायची, पोस्टमन आला की दारात जायचं, खोकी पुन्हा सोडायची कारण त्यात चहाची गाळणी गेलेली असायची. झाडं उघडी पडत चालली होती. रोज सकाळी फुटपाथ पानांनी झाकलेला असायचा. मी मंगळवार मोजत होते. तीन राहिले. दोन राहिले. मग एका दुपारी केलीचा फोन आला. म्हाताऱ्या माणसांसाठी असलेल्या एका इमारतीत तळमजल्यावर फ्लॅट रिकामा झाला होता. मला चालेल का, असं तिने विचारलं. चालेल का, असं विचारलं. मी म्हणाले, "गुडघे सोडून सगळं चालेल."

इथे बाथरूममध्ये एक लाल दोरी आहे. पडलात तर ओढायची, कुणीतरी येतं. पहिल्या दिवशी मी ती दिवा लावायची दोरी समजून ओढली आणि दोन माणसं धावत आली. मी त्यांना चहा दिला. किचन एवढंसं आहे, पण फोडणी दिली तरी अलार्म वाजत नाही, कारण खिडकी चुलीच्या शेजारीच आहे. तनु आली की खिडकी बघून म्हणते, "आजी, माझा जॉब गेला."

त्या मंगळवाराच्या आधीच्या शुक्रवारी मी इथे आले. जुन्या घराच्या फरश्या पुसल्या, खिडक्या पुसल्या, आणि चावी मालकाच्या मुलीच्या हातात दिली. ती पुन्हा रडली. तिला तेवढंच येतं बहुतेक. तो मंगळवार आला तेव्हा दहा वाजता मी या खिडकीत बसून चहा प्याले. कुणाचं कुलूप कुणी बदलायला आलं नाही.

आभार मानायची मला सवय नाही. आमच्या घरात कुणी आभार मानत नव्हतं, करायचं ते करायचं. तरी मी येसरची एक बरणी घेऊन केलीकडे गेले. ती म्हणाली, "मला हे घेता येत नाही. पॉलिसी आहे." बरणी तिने हातात घेतली, वास घेतला, आणि परत दिली. वास घ्यायला पॉलिसी नसावी. मग मी कोटाच्या खिशात हात घातला. तो कॉंकर तिथेच होता, बसस्टॉपवरचा. इतके दिवस हाताळून आणखी चकचकीत झाला होता.

"हा घ्या. रस्त्यावर पडला होता. याला पॉलिसी नाही."

तिने तो टेबलावर कॉम्प्युटरजवळ ठेवला. अजून आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तरी चालेल. पुढच्या बाईच्या वेळेला तिने पत्र सोमवारपर्यंत थांबवलं की झालं.

या वर्षी हॉलवर पुन्हा हक्काचं भाषण झालं. माझ्या शेजारी एक ओळखीची बाई बसली होती. तिच्या पिशवीतून एक पाकीट डोकावत होतं, मला ओळखीचं, कोर्टाचं. मी विचारलं. तिने ते आत सारलं आणि म्हणाली, "काही नाही हो ताई, मुलगी आहे ना माझी." मी टाळ्या वाजवायच्या थांबवल्या आणि तिच्या हातात माझा फोन नंबर लिहून दिला. म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. आणि तिथे मुलीचं नाव काढायच्या आधी मला विचारा." ती आली. तिचं काम चालू आहे.

मला वाटतं, लोक मायेला फार मोठं समजतात. माया मिलिंदकडे भरपूर होती. नीताकडेही होती, तिने जास्तीची पोळी वाढली होती. पण नुसत्या मायेवर राहिले असते तर आज मी बाथरूमच्या दाराशी खुर्चीत असते, आणि माया एव्हाना आटली असती. घर मला एका कागदाने दिलं, एका मुलीने तो कागद नीट वाचला म्हणून, आणि अशा कागदांसाठी कुणीतरी कधीतरी नियम केला म्हणून. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांचं बरं होवो.

मिलिंद रविवारी येतो, जेवतो, आणि माझ्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपतो. त्याच्याकडे होते तेव्हा इतका निवांत झोपलेला मी त्याला बघितला नव्हता. त्या पत्राची एक प्रत केलीने मला दिली होती. ती मी बुद्धमूर्तीच्या खाली ठेवली आहे. परवा त्याला ती दिसली.

"आई, फाडून टाक ना ते," तो म्हणाला.

"नाही फाडणार. तू मला लिहिलेलं तेवढं एकच पत्र आहे."

"तुला कुठे लिहिलेला? कौन्सिलला लिहिलेला."

"शेवटची ओळ वाच," मी म्हणाले, आणि भात बघायला उठले.

बाहेर टक, टक चालू आहे. आता हीटिंग लावते.

ते दिवस मी काढले. शेवंता, वय शहात्तर, चौथी पास, तळमजला, तीन नंबर.